दर्या आणि दऱ्या यांच्यामधला एक आकडा

रसग्रहण कवितेचं करावं, फार तर एखाद्या ललित लेखाचं, असं शाळेपासून ठरून गेलं आहे. सरकारी मानकाचं रसग्रहण करतोय म्हटलं की ऐकणारा आधी आपली तब्येत विचारतो. तरीही भारतीय मानक ब्यूरोने 1991 साली काढलेलं 13194 क्रमांकाचं मानक मी अधूनमधून उघडतो, आणि त्यातला एका पानावरचा तक्ता मला चांगल्या कवितेइतकाच सुख देतो. 'इंडियन स्क्रिप्ट कोड फॉर इन्फर्मेशन इंटरचेंज' असं त्याचं लांबलचक नाव. जाणकार आद्याक्षरं जोडून त्याला 'इस्की' म्हणतात. सोळा आडव्या ओळी, सोळा उभ्या, एकूण 256 घरं. पहिल्या अर्ध्यात इंग्रजीचं बिऱ्हाड, उरलेल्या अर्ध्यात भारतातल्या जवळपास सगळ्या लिप्या. एका यंत्रावर लिहिलेला मजकूर दुसऱ्या, अनोळखी यंत्रावर तसाच्या तसा उतरावा, यासाठी केलेली ही व्यवस्था आहे.

वसईतल्या पापडीत माझं डीटीपीचं काम चालतं. लग्नपत्रिका, शोकसभेची कार्डं, पतपेढ्यांचे अहवाल, शाळा-चर्चच्या स्मरणिका. 1998 साली वसईचा धर्मप्रांत वेगळा झाला, इथलं आवर लेडी ऑफ ग्रेस चर्च त्याचं कॅथेड्रल झालं. या पट्ट्यात देवळाइतकंच चर्चमध्येही सगळं मराठीत चालतं, त्यामुळे छापायच्या मराठी मजकुराला इथे तोटा नाही. आणि म्हणून जुन्या, न उघडणाऱ्या मराठी फायलींनाही नाही. तक्त्याची गोडी मला त्या फायलींनी लावली.

पण आधी थोडं बाहेरचं. एका संगणकाची फाईल दुसऱ्याला वाचता न येणं ही तक्रार संगणकांच्या जन्मापासूनची. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांत अक्षरांना एक आकडे, बाकीच्यांत दुसरे. बहुतेक जग 'आय'ला 73 आणि 'जे'ला 74 मानत होतं. आयबीएमच्या यंत्रांत 'आय' 201 आणि त्याच्या लगतचा 'जे' एकदम 209. मधली घरं भलत्यालाच. त्यात टेलिफोनच्या तारा. काही तारांवरून प्रत्येक अक्षराचे आठच्या आठ बिट जात, काहींवर आठवा बिट वाटेतच गळायचा. काही यंत्रं विशिष्ट आकडा दिसला की तो मजकूर न मानता हुकूम मानायची आणि मधेच थांबायची.

या गोंधळावर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात 1981 साली फ्रँक दा क्रूझ आणि बिल कॅचिंग्ज यांनी तोड काढली. विद्यार्थ्यांच्या फायली सामायिक मोठ्या यंत्रावर असत, तिथे जागा तोकडी, म्हणून त्या छोट्या संगणकांच्या फ्लॉपीवर उतरवून घ्यायच्या होत्या. त्यांनी केलेल्या नियमावलीला नाव मिळालं 'कर्मिट', दूरचित्रवाणीवरच्या बाहुल्यांमधल्या बेडकाचं. नाव पोरकट असलं तरी आतली वृत्ती फार प्रौढ आहे. कर्मिट समोरच्या यंत्राबद्दल काहीच गृहीत धरत नाही. फाईल तोडून लहान पुडकी करतो, मूळ नियमात एका पुडक्यात फार तर 94 अक्षरं. पुडक्यात फक्त छापता येतील अशीच चिन्हं घालतो, म्हणजे कोणतंही यंत्र बिचकायला नको. आणि अगदी पहिलं पुडकं मजकुराचं नसतंच. त्यात तो आपली ऐपत सांगतो: मी एवढं लांब पुडकं घेऊ शकतो, एवढा वेळ वाट पाहीन, आठवा बिट जात नसेल तर अमुक चिन्ह वापरीन. समोरचा आपली ऐपत कळवतो. मग दोघांना झेपेल तेवढ्यावर व्यवहार सुरू होतो. दोन अनोळखी माणसांनी बोलायला बसावं कसं, याचा इतका सभ्य नमुना मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे.

कर्मिटने आकडे सुखरूप पोहोचवले. 190 निघाला, 190 पोहोचला. पण 190 म्हणजे 'ठ', हे कोण ठरवणार? तिथे कर्मिटचं काम संपतं आणि आपल्या तक्त्याचं सुरू होतं.

त्याचा इतिहास थोडक्यात. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 1983 साली पहिला मसुदा केला, 1988 साली तो सुधारला, 1991 साली मानक झालं. कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांसाठी 'जिस्ट' नावाचं तंत्र उभं केलं होतं. 1988 साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर ते काम पुण्याला आलं. संगणकात जिस्टचं कार्ड खोचलं की डॉसवर चालणारी, इंग्रजीपुरतीच लिहिलेली सॉफ्टवेअरंही देवनागरी दाखवू लागत. सरकारी कचेऱ्यांतून ज्यांनी त्या काळी काम केलं त्यांना हे कार्ड आठवत असेल.

आता तक्ता उघडू. पहिली 128 घरं इंग्रजीची, त्यांना हात लावलेला नाही. त्यानंतर लगेच देवनागरी सुरू व्हावी अशी आपली अपेक्षा. पण 128 पासून 160 पर्यंतची घरं रिकामी ठेवली आहेत. जागेची एवढी टंचाई असताना ही उधळपट्टी कशाला? कारण या पट्ट्यातले आकडे आंतरराष्ट्रीय रिवाजात हुकमांसाठी राखलेले असतात. तिथे 'अ' ठेवला असता तर एखाद्या परक्या यंत्राने 'अ'ला हुकूम समजून भलतंच काही केलं असतं. कवितेत न लिहिलेली ओळ बोलते म्हणतात. इथे रिकामी घरं बोलतात. ज्याला आपली फाईल कधी ना कधी परक्या दारात जाणार हे ठाऊक आहे, त्यानेच ती मोकळी सोडली आहेत.

161 ला चंद्रबिंदू, 162 ला अनुस्वार, 163 ला विसर्ग. मग स्वर, मग 179 पासून क, ख, ग. व्यंजनं संपली की काना, वेलांट्या, उकार, मात्रा. 232 ला पाय मोडायचं चिन्ह, 233 ला नुक्ता, 234 ला दंड, आणि 241 ते 250 अंक. यात एक गोष्ट पहिल्या वाचनात सुटते: 'क्ष' कुठेच नाही. 'ज्ञ' नाही, 'त्र' नाही, 'श्र' नाही. एकही जोडाक्षर नाही, एकही अर्धं अक्षर नाही. छापखान्यात ज्याने खिळे जुळवले आहेत त्याला हे अशक्य वाटेल. देवनागरीची खिळ्यांची पेटी शेकड्यांनी खिळे मागायची, लोकमान्य टिळकांनीही केसरीसाठी ती संख्या खाली आणायचा खटाटोप केला होता. आणि इथे सगळं शंभराच्या आसपास घरांत मावलं आहे.

मावलं ते 232 या एका घरामुळे. क, मग 232, मग ष, एवढं लिहायचं. 'क्ष' कसा दिसावा हे समोरच्या यंत्राने पाहावं. लिहिणाऱ्याने उच्चार सांगायचा, आकृती काढायची नाही. 'कि' लिहिताना डोळ्यांना वेलांटी आधी दिसते आणि क नंतर, पण तक्त्याच्या हिशेबी क आधी आणि वेलांटी नंतर, कारण तोंडातून तसंच निघतं. 'स्थिती' या शब्दात पहिली वेलांटी 'स्थ' या अख्ख्या जोडाक्षराच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहते. तक्त्यात मात्र स, पायमोड, थ, मग वेलांटी. नजर फसते ती जागा तक्त्याने कानाच्या हवाली केली आहे. ही रचना करणाऱ्याने वर्णमालेकडे पाणिनीच्या बाजूने पाहिलं, खिळे जुळवणाऱ्याच्या बाजूने नाही, असं मला वाटतं.

आता ज्या जागेसाठी मी हा लेख लिहायला घेतला तिथे येतो.

वसईकराला दर्या रोजचा. दऱ्या पाहायच्या तर सह्याद्रीत जावं लागतं. 'दर्या'मध्ये र 'य'च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. 'दऱ्या'मध्ये तोच र आडव्या रेघेसारखा 'य'च्या डावीकडे चिकटतो. उच्चारात फरक आघाताचा, लेखनात फरक या र-च्या बैठकीचा. हिंदीला या आडव्या र-ची गरज पडत नाही. मराठीचं त्यावाचून पान हलत नाही: वाऱ्यावर, साऱ्या, दुसऱ्या, शेतकऱ्याला. दिल्लीत ठरलेल्या अखिल भारतीय तक्त्यात मराठीची ही बारीकशी गरज कोण पाहणार, असं वाटत असतानाच तक्ता हळूच दाखवतो की ती पाहिलेली आहे.

कशी, ते पाहण्यासारखं आहे. तक्त्यात 207 ला र आहे आणि लगेच 208 ला नुक्तेवाला ऱ. हा ऱ मूळचा मराठीसाठी नव्हे. तमिळ, मल्याळम या दक्षिणी भाषांत एक ठसठशीत र आहे, तो देवनागरीत लिहायची वेळ आली तर सोय असावी म्हणून त्याला घर दिलं. मराठीत तो एकटा कधीच येत नाही. म्हणून त्याचं अर्धं रूप मराठीपुरतं मोकळंच होतं. तक्त्याने तिथे मराठीचा आडवा र बसवला. 208, मग पायमोड, की आडवा र. आता दोन्ही शब्द आकड्यांत वाचा. दर्या: 196, 207, 232, 205, 218. दऱ्या: 196, 208, 232, 205, 218. पाचांपैकी चार आकडे तेच. समुद्र आणि डोंगरातली खाई यांच्यामधलं अंतर फक्त एकाचं. यमकात एखादा कवी एकच वर्ण बदलून अर्थ उलटा करतो तेव्हा आपण वाहवा देतो. इथे ती करामत तीनशे ओव्या न लिहिता एका घरात केली आहे, आणि तीही दक्षिणेच्या पाहुण्यासाठी मांडलेल्या पाटावर.

याच काटकसरीचा दुसरा नमुना म्हणजे नुक्ता. 'ज'ला नुक्ता दिला की फारसी ज़, हे सगळ्यांना माहीत. पण तक्त्याने नुक्त्याला जादाची कामं लावली आहेत. चंद्रबिंदूपुढे नुक्ता आला की ॐ. दंडापुढे आला की अवग्रह. ऋ-पुढे आला की दीर्घ ॠ. जी चिन्हं क्वचित लागतात त्यांना स्वतंत्र घर न देता जवळच्या कुणाच्या तरी आश्रयाला ठेवलं. ॐ सापडायला वेळ लागतो खरा. 'चंद्रबिंदू आणि नुक्ता' हे सूत्र कुणी सांगितल्याशिवाय सुचणारं नाही. इथे कारागिरी थोडी चतुराईकडे झुकली आहे, पण जागा वाचली.

आणि 217 वर एक अदृश्य व्यंजन आहे. त्याचं स्वतःचं रूप काहीच नाही. पुस्तकात नुसती वेलांटी दाखवायची असेल, बाराखडी शिकवताना नुसता काना छापायचा असेल, तर त्या चिन्हाला टेकायला कुणीतरी हवं. ते काम हा करतो. बालवाडीच्या बाईंची अडचण मानक लिहिणाऱ्यांना सुचली, याचं मला अजून कौतुक वाटतं.

239 हे घर सगळ्यांत महत्त्वाकांक्षी. त्यापुढे एक खूण दिली की लिपी बदलते. घरं तीच, आकडे तेच, फक्त आता 179 म्हणजे देवनागरी क नव्हे, गुजराती ક, नाहीतर बंगाली ক. म्हणजे मराठीत लिहिलेली नावांची यादी एका खुणेने गुजरातीत उतरते. वसई-विरारच्या बाजारपेठेत, जिथे एका दुकानाला मराठी पावती लागते आणि एका घरात गुजराती पत्रिका, तिथे ही कल्पना ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत चमक येते. दहा लिप्या एकाच सांगाड्यावर उभ्या आहेत, हे शाळेत व्याकरणाच्या तासाला ऐकलेलं वाक्य इथे प्रत्यक्ष काम करून दाखवतं.

आता तक्त्याची परीक्षा घेऊ. 'पापडी' हा शब्द इस्कीत लिहिला तर आकडे होतात 200, 218, 200, 191, 220. पाचही 128 च्या वरचे. ज्या तारेवर आठवा बिट गळतो तिथून हा शब्द तसाच सोडला तर प्रत्येक आकड्यातून 128 वजा होतात आणि पलीकडे पोहोचतं: इंग्रजी एच, झेड, पुन्हा एच, मग प्रश्नचिन्ह, शेवटी तिरकी रेघ. गावाचं नाव जाऊन प्रश्नचिन्ह पदरात. कर्मिट इथे काय करतो? ज्या आकड्याचा आठवा बिट वाटेत मरणार, त्याच्या आधी तो & हे चिन्ह लावतो आणि खुशाल 128 वजा झालेलं अक्षर पाठवतो. पलीकडचा कर्मिट & पाहिला की पुढच्यात 128 परत मिळवतो. पाच अक्षरांची पापडी दहा चिन्हांची होऊन तारेवरून जाते आणि पलीकडे पुन्हा पाचांची होते. वेळ दुप्पट, पण एक काना इकडचा तिकडे होत नाही. इस्कीच्या मानकातही सात बिटांच्या यंत्रांसाठी तजवीज आहे: इंग्रजीतून भारतीय लिपीत शिरताना एक खूण, बाहेर पडताना दुसरी. दोन वेगवेगळ्या देशांत, एकमेकांना न विचारता, दोघांनी सारखीच शहाणी शंका घेतली: वाट अरुंद असू शकते.

हे सगळं इतकं नीट होतं तर माझ्याकडे येणाऱ्या फायली उघडत का नाहीत? कारण त्या इस्कीत लिहिलेल्याच नसतात.

डीटीपीच्या धंद्याने इस्की कधी मनावर घेतला नाही. नव्वदच्या दशकात विंडोज आलं, पेजमेकर आलं, कोरल आलं. या सॉफ्टवेअरना जोडाक्षर जुळवता येत नव्हतं. त्यांना फाँट तेवढा कळायचा. मग मराठी फाँट करणाऱ्यांनी जुन्या खिळ्यांची पेटीच संगणकात आणली: अर्धा म, काना, डावीकडची वेलांटी, रफार, रफार-अनुस्वार एकत्र, आडवा र, असे आकृत्यांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या घरांत भरले. टंकलेखन यंत्रावर हात बसलेल्यांना ते लगेच जमलं. मीही तसंच शिकलो. पान देखणं व्हायचं, इस्कीच्या ठोकळेबाज पडद्यापेक्षा कितीतरी देखणं, आणि गिऱ्हाईक पैसे देतं ते देखण्या पानाचे. त्या निवडीला मी आजही नावं ठेवत नाही. पण प्रत्येक फाँटवाल्याची पेटी वेगळी. एकाच्या पेटीत जिथे अर्धा म, तिथे दुसऱ्याच्या पेटीत भलताच तुकडा. आणि फाईलमध्ये 'म' नसतोच. असतो तो 'अर्ध्या म-चा तुकडा आणि एक उभी रेघ' एवढा निरोप.

आमच्या आळीतल्या एका निवृत्त मास्तरांनी मागे एक सीडी आणली. शाळेच्या जुन्या स्मरणिकेचा मजकूर, त्यांनी स्वतः टाईप करून घेतलेला. माझ्या संगणकावर उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, डॉलर आणि फ्रेंचमध्ये दिसतात तसली टोपी घातलेली अक्षरं. मास्तर चष्मा वर सरकवत म्हणाले, "अरे, मी हे मराठीत लिहिलं होतं की रे!" खरंच मराठीत लिहिलं होतं. फाईल जशीच्या तशी होती, एक बिटही हरवला नव्हता. कर्मिटला विचारलं असतं तर त्याने शंभर टक्के गुण दिले असते. हरवली होती ती फाँटची पेटी.

असा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सार्वत्रिक तक्त्यात, आणायचा तर कन्व्हर्टर लागतो, आणि कन्व्हर्टर चालवला की इस्कीची थोरवी दुप्पट कळते. 'स्थिती' या शब्दात फाँटच्या फाईलमध्ये वेलांटी सर्वांत आधी असते. कन्व्हर्टरने ती उचलून 'स्थ'च्या नंतर न्यायची. म्हणजे 'स्थ' कुठे संपतो हे त्याला कळायला हवं. 'मूर्ती'मध्ये रफार सर्वांत शेवटी, दुसऱ्या वेलांटीच्याही नंतर. तो उचलून 'त'च्या आधी. उभ्या रेघा अर्ध्या अक्षरांना जोडायच्या, पण प्रत्येक उभी रेघ जोडायची नाही, कारण काही खरोखरचे काने असतात. आणि मास्तरांच्या मजकुरात दर्या भरपूर. पण मध्ये दोन ठिकाणी टाईप करणाऱ्याने रफाराऐवजी आडवा र दाबलेला. डोळ्यांनी वाचताना कुणाच्या लक्षात आलं नसेल. आता समुद्रावर जाळी टाकायला निघालेले कोळी थेट दऱ्यांत उतरत होते. ते हाताने दुरुस्त करावं लागलं.

मजकूर एका चौकटीतून दुसरीत नेण्याची धडपड या किनाऱ्याला नवी नाही, म्हणून एक आडवळण घेतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण मराठीत रचलेलं, पण 1616 साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं ते रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. स्टीफन्सच्या रोमन लेखनपद्धतीत ट-ड-ळ यांसारख्या वर्णांसाठी अक्षर दुप्पट लिहितात. नुक्त्याची जी युक्ती, तिचीच ही चुलत बहीण. 1907 साली मंगळूरला सालढाणांनी काढलेली आवृत्तीही रोमनमध्येच होती. देवनागरीत ते पुस्तक शांताराम बंडेलूंमुळे 1956 साली आलं. म्हणजे मराठी ओव्यांना मराठी अक्षरांत छापून यायला 340 वर्षं लागली. मास्तरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना आपल्या स्मरणिकेचा खोळंबा बराच हलका वाटला.

तक्त्यात सगळंच चोख आहे असं म्हणणं म्हणजे भाटगिरी. मराठी माणूस म्हणून माझी पहिली तक्रार ळ-ची आहे. आपली वर्णमाला य, र, ल, व करत ह-पर्यंत जाते, मग ळ, क्ष, ज्ञ. शब्दकोशही ळ-ला ह-नंतर ठेवतात. तक्त्याने ळ-ला ल-च्या शेजारी, 210 वर बसवलं. संगणकाला नावांची यादी लावायला सांगितली की ळ-वाले शब्द आपल्या सवयीच्या जागी सापडत नाहीत. क्ष आणि ज्ञ तर क आणि ज-च्या पोटात गडप. दुसरी तक्रार 239 बद्दल, ज्या घराची मघाशी एवढी स्तुती केली. लिपी कोणती हे त्या एका खुणेवर अवलंबून. ती गळाली की तीच फाईल गुजराती समजावी की मराठी, हे पलीकडच्याच्या मर्जीवर. एकाच तक्त्यात सगळ्यांना कोंबण्याचा मोह गोड, पण तमिळसारख्या लिपीला त्यातली कितीतरी घरं निरुपयोगी. उर्दूला तर या तक्त्यात जागाच नाही.

युनिकोडने हे मोडून प्रत्येक लिपीला स्वतंत्र घर दिलं, पण मांडणी उचलली ती इस्कीच्या 1988 च्या आराखड्याचीच. देवनागरी क 2325 वर, गुजराती ક 2709 वर, अंतर 384. ख-मध्येही तेवढंच, ग-मध्येही तेवढंच. जुन्या तक्त्याचा सांगाडा आतून अजून दिसतो. आणि र 2352 वर, ऱ 2353 वर. दर्या आणि दऱ्या यांच्यामधला एक आकडा तिथेही एकच राहिला, आडव्या र-चा नियमही युनिकोडने इस्कीवरूनच घेतला. 'ॲ' या अक्षराला मात्र स्वतःचं घर मिळायला 2008 साल उजाडलं. इस्कीत पाच आकड्यांत बसणारी पापडी आज सर्वसाधारण फाईलमध्ये पंधरा बाइट घेते, त्याबद्दल कुणी कुरकुर करत नाही. जागा आता स्वस्त आहे.

इस्कीत लिहिलेली 1991 ची फाईल आज माझ्याकडे आली तर ती युनिकोडमध्ये आणायला एक साधा तक्ता आणि पाच-दहा नियम पुरतात. त्यानंतर दहा वर्षांनी एखाद्या देखण्या फाँटमध्ये केलेली फाईल आली तर अख्खी दुपार जाते, आणि फाँट मिळाला नाही तर दुपारही वाया जाते. वयाने मोठी फाईल जास्त टिकली, कारण तिने अक्षर साठवलं होतं आणि दुसरीने आकृती.

पापडी, वसई, नंदाखाल, गास, आगाशी, जिथे कुठे हे वाचत असाल तिथे घरातली, शाळेतली, मंडळाच्या कपाटातली जुनी सीडी आणि फ्लॉपी एकदा बाहेर काढा. फाईल कोणत्या फाँटमध्ये आहे हे माहीत असेल तर ते नाव पेनाने वेष्टनावर लिहा. जुन्या संगणकात तो फाँट अजून असेल तर संगणक भंगारात देण्याआधी फाँटची फाईलही मजकुरासोबत उतरवून घ्या. आणि छापील प्रत हाताशी असेल तर ती फेकू नका. कन्व्हर्टर अडला की शेवटचा निवाडा तिच्याकडूनच करून घ्यावा लागतो.